सातव्या भिंगरीचा जोड

कसबा बावड्याच्या अलीकडे, जिथं पंधरा वर्षांपूर्वी ऊस माणसाच्या डोक्यावरून जायचा, तिथं आता 'ऊसमळा' नावाची सोसायटी आहे. नाव ऊसमळा, आणि औषधाला ऊस नाही. ऊस गेला, बंगले आले. बंगल्यांच्या मधोमध हिरवळ आली. तिला रहिवासी 'लॉन' म्हणतात आणि तानाबाई 'हरळी' म्हणते. पूर्वी ह्याच रानात हरळी उपटायला बायकांना मजुरी मिळायची, आता तीच हरळी वाढवायला पगार मिळतो. जगात काय उलटंपालटं होईल ते सांगता येत नाही.

तानाबाई पोवार ही त्या हिरवळीची माळीण. त्याआधी ती ह्याच जमिनीत उसाला पाणी पाजायला यायची. सोसायटीत तिला नऊ वर्षं झाली होती. हिरवळीखाली लोखंडी नळ पुरलेला होता आणि त्याला सात ठिकाणी फिरते फवारे बसवलेले होते. सोसायटीच्या कागदांत त्यांना 'तुषार संच' म्हटलंय. तानाबाई भिंगऱ्या म्हणायची. एक नंबरची भिंगरी, दोन नंबरची भिंगरी, अशा सात. कुठली किती फेकते, कुठलीला सकाळी दोन टिचक्या माराव्या लागतात, हे तिला घरच्या माणसांच्या सवयींसारखं ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी तिनं पाण्याची चावी सोडली आणि सातवी भिंगरी बंदुकीतून सुटावी तशी उडाली. मागून पुरुषभर उंचीचं पाणी. तानाबाईनं धावत जाऊन चावी बंद केली आणि बघितलं. भिंगरी ज्या प्लॅस्टिकच्या जोडावर बसते, तो जोड मानेतून तुटला होता. वरचा तुकडा भिंगरीबरोबर जास्वंदीत जाऊन पडलेला, खालचा आट्यांचा तुकडा लोखंडी नळाच्या तोंडात घट्ट अडकून राहिलेला.

तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमन आप्पासो मगदूम यांचा मेसेज आला : 'सात नंबरचा जोड खुरपं लागून तुटला आहे. इतर कोणीही हात लावलेला नाही. रविवारी दहा वाजता लॉनवर मीटिंग. जबाबदारी निश्चित करण्यात येईल.'

आप्पासोंनी साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. त्यांनी बांधलेल्या जोडातून वाफेचा फुसकारासुद्धा बाहेर पडला नाही, असं कारखान्यातली जुनी माणसं अजून सांगतात, आणि ते खरंच आहे. पण माणूस निवृत्त झाला तरी त्याचा पाना निवृत्त होत नाही. सोसायटीत कुठं नळ ठिबकला, कुणाचं दार करकरलं, की आप्पासो पाना घेऊन हजर. 'राहू द्या' म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तानाबाईनं गुरुवारीच एक गोष्ट पाहिली होती आणि गिळली होती. ती जोड बसवायची ते पांढरी टेप गुंडाळून, हातानं पिळून. पाना कधीच लावायची नाही. पण सातव्या नळाच्या तोंडाशी, लोखंड आणि प्लॅस्टिक यांच्या फटीत, टेप दिसत नव्हती. पिवळट केसासारखं काहीतरी डोकावत होतं. आत काय आहे ते तुकडा बाहेर आल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि तुकडा हातात नसताना चेअरमनच्या शब्दापुढं माळिणीच्या शब्दाला कोण विचारतो? म्हणून ती गप्प राहिली. शुक्रवारी नवा जोड मात्र स्वतः जाऊन आणला.

रविवारी दहा वाजता हिरवळीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. तानाबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती कडेला मेंदी कापत होती. म्हणजे कापल्यासारखं करत होती, कान सगळे मीटिंगकडे. सेक्रेटरी श्रेयस उपाध्ये बँकेत अधिकारी होता, त्यामुळे त्याचं लिहिणंही बँकेसारखंच. त्यानं रजिस्टर उघडून वाचलं, "बागकाम करणाऱ्या महिलेच्या निष्काळजीपणामुळे तुषार संचाची मोडतोड झाली. सबब एक तारखेपासून सदर महिलेस कमी करून बागकाम कंत्राटी कंपनीकडे देण्यात यावे."

तानाबाईनं कात्री खाली ठेवली. नऊ वर्षांत 'तानाबाई'ची 'सदर महिला' झाली होती. काम जाईल ह्याची भीती होतीच. पण पायाची आग मस्तकाला गेली ती 'निष्काळजी' ह्या शब्दानं. उद्या दुसऱ्या सोसायटीत काम मागायला गेली तर हाच शब्द तिच्या आधी तिथं पोचणार होता. ती सरळ खुर्च्यांच्या मधून चालत गेली.

"थांबा. खुरपं लागलेलं कुनी बघितलं?"

"बघायला कशाला पायजे?" आप्पासो म्हणाले. "प्लॅस्टिक काय आपोआप तुटतंय व्हय ग?"

"त्येच मी इचारतो. आपोआप तुटत न्हाई. मग कशानं तुटलं त्ये आत बघूया की."

कोल्हापूरची बाई 'मी विचारतो', 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलते. ज्याला खटकतं त्यानं पुण्याला जाऊन राहावं.

"आत काय बघायचंय?" आप्पासो म्हणाले. "दुपारी कंपनीचा मानूस यायलाय. दोन फूट नळ कापून टाकून देतोय, नवा जोडतोय. विषय संपला."

म्हणजे तुकडा भंगारात जाणार. तिच्या बाजूनं बोलणारी एकच वस्तू जगात होती, आणि ती दुपारी कचऱ्याच्या गाडीत पडणार होती.

"नळ कापायचा न्हाई," तानाबाई म्हणाली. "तुकडा मी काढतो. अख्खा. आत्ता, तुमच्या म्होरं."

दोघं-तिघं हसले. आप्पासोंनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. कारागीर होते, अशा बाबतीत हसत नसत.

"तानाबाय, आत मोडून बसलेला आटा असा निघत न्हाई. पकडायला कायतरी लागतंय. त्येला आता धरायला जागाच न्हाई."

"जागा न्हाई तर करतो."

"अर्धा तास," आप्पासो घड्याळ बघत म्हणाले. "त्येच्यावर एक मिनिट न्हाई."

खुर्च्या वळल्या. मीटिंगचा तमाशा झाला, आणि तमाशा म्हटलं की कोल्हापूरकर घरी जात नाही.

तानाबाईनं पदर खोचला आणि नळाभोवतीची माती हातानं उकरली. खुरप्याला तिनं मुद्दाम शिवलंही नाही. ओंजळभर खड्डा झाल्यावर नळाचं तोंड उघडं पडलं. आत प्लॅस्टिकची काळी कडी आट्यांत रुतून बसलेली. आधी तिनं पेचकस आडवा घालून फिरवून बघितला. प्लॅस्टिकचा टवका उडाला. दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूनं. पुन्हा टवका.

"झालं?" आप्पासो वरून म्हणाले. "गुळाच्या ढेपंवानी भुगा हुईल आता."

खरंच होता होता राहिला. मग तिनं करवतीचं पातं आत घालून खाच पाडायला घेतली आणि दोन ओढीत थांबली. हात जरा हुकला असता तर पात्यानं लोखंडाचे आटे खाल्ले असते. मग नळ कापावाच लागला असता आणि खापर पुन्हा तिच्याच डोक्यावर. दहा मिनिटं गेली होती. तिला रडू आलं, आणि ते आलं ह्याचाच राग आला.

ती उकिडवी बसून नळाच्या तोंडाकडं बघत राहिली. थंड प्लॅस्टिक हट्टी. जोर केला की तुटतं, पण वळत नाही. तापलेलं? मागच्याच महिन्यात तिनं चहाची प्लॅस्टिकची गाळणी गरम पातेल्याच्या कडेला टेकवून ठेवली होती, ती पातेल्याला अशी चिकटली की दोन्ही वेगळी करताना पातेल्याचा कानच वाकला. तानाबाई ताडकन उठली आणि चपला न घालता समोरच्या पहिल्या बंगल्याकडं निघाली. तो बंगला आप्पासोंचा होता.

"पळाली काय रं?" मागून कुणीतरी म्हणालं.

स्वयंपाकघरात विजयमाला अक्का, आप्पासोंच्या पत्नी, भाकरी थापत होत्या. मगदुमांच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई. नवऱ्याच्या आवाजाची त्यांना एवढी सवय झाली होती, की तो गप्प बसला तरच त्या बाहेर येऊन बघायच्या.

"अक्का, जुनं उलथनं हाय का? लोखंडी. चपट्या दांड्याचं."

"हाय की. का ग, भाकरी उलथायचीया?"

"न्हाई. तुमच्या मालकांची मीटिंग."

अक्कांचा हात परातीत थांबला. त्यांनी एकदा खिडकीतून खुर्च्यांकडं पाहिलं, एकदा तानाबाईच्या तोंडाकडं. काय चाललंय ते विचारलंसुद्धा नाही. फडताळाच्या तळातून सासूच्या वेळचं उलथनं काढलं, तवा बाजूला केला, आणि दांड्याचं शेपूट जाळावर धरलं. दांडा अंगठ्याएवढा रुंद, अडकलेल्या प्लॅस्टिकच्या कडीच्या भोकापेक्षा किंचितच जास्त. तानाबाईला हवा होता तसाच.

दांडा लाल व्हायला लागला तसं तानाबाई म्हणाली, "बास, आना."

"थांब. एवढं तापलं तर पानी हुईल प्लॅस्टिकचं, मग आट्यात जाऊन बसंल." अक्कांनी दांडा जाळावरून काढला, जरा धरून ठेवला आणि ओल्या बोटानं पाण्याचा थेंब उडवला. थेंब चर्रकन जळून गेला. पुन्हा थांबल्या. दुसरा थेंब दांड्यावर दोनदा नाचला आणि मग विझला. "हां. भाकरीला तवा असा लागतोय. आता ने."

उलथन्याचं पातं फडक्यात धरून तानाबाई आली. मागून अक्का पाण्याचा तांब्या घेऊन. बायकोला बाहेर आलेली बघून आप्पासो खुर्चीत सरसावून बसले.

"आता हिकडं सैपाक करताय काय?"

तानाबाईनं तापलेला दांडा नळाच्या तोंडात सरळ रोवला. चर्र झालं, धूर निघाला, काळा घाण वास सुटला. पुढच्या खुर्च्यांनी नाकाला रुमाल लावले. दांडा लोण्यात शिरावा तसा दोन बोटं आत गेला आणि दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकमध्ये खाच करून बसला. तानाबाईनं हात ताठ धरला आणि तशीच थांबली.

"फिरव की आता!" आप्पासो ओरडले.

"निवू द्या."

"अगं, पाच मिनिटं राहिल्यात."

"तुमची राहिली असतील. ह्येला निवायला लागतंय तेवढं लागतंय."

चेअरमनना असं तोंडावर बोललेलं ऊसमळ्यानं पहिल्यांदाच ऐकलं. श्रेयसनं पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. अक्कांनी नळाच्या बाहेरून तांब्यातलं पाणी बारीक धारेनं सोडलं. लोखंड गार होत गेलं. तानाबाईचे गुडघे भरून आले, उन्हानं मान भाजायला लागली, पण तिनं दांडा केसभर हलू दिला नाही. अर्धवट निवलेलं प्लॅस्टिक फिरवलं तर खाच वितळून जाणार, एवढं तिला कळत होतं. घाई बाकी सगळ्यांना होती.

मग तिनं उलथन्याचं पातं दोन्ही हातांनी धरलं आणि डावीकडं जोर दिला. हललं नाही. पुन्हा दिला. कपाळाची शीर उभी राहिली. तिसऱ्यांदा आतून 'कट्' असा आवाज आला. तुटलं? पण पातं फिरलं होतं. मोकळं सुटून नाही, जड, धरून, नाइलाजानं फिरलं होतं. मग अजून पाव फेरा. अर्धा. एकेक आटा कुरकुरत सुटत गेला, आणि शेवटी दांड्याच्या टोकाला चिकटलेला तो तुकडा अख्खा बाहेर आला.

तानाबाईनं तो तांब्याच्या पाण्यात बुचकळला आणि तळहातावर घेतला. अंगठ्याएवढा तुकडा. त्याच्या आट्यांवर सुतळी गुंडाळलेली होती, एक पदर नाही, चांगले सात-आठ वेढे, वरून सफेद्याचा पांढरा लेप चोपडून दाबून बसवलेली. आणि प्लॅस्टिकला वरपासून खालपर्यंत उभी चीर गेलेली.

"शिरेयसदादा, ह्ये काय हाय?"

"सुतळी दिसतेय," श्रेयस म्हणाला.

"सुतळी-सफेदा. बाकीच्या सहा भिंगऱ्या उकलून बघा. पांढरी टेप निघंल. सुतळीचा जोड मी आयुष्यात बांधला न्हाई. मला त्यो येतच न्हाई. आता सांगा, सोसायटीत कुनाला येतोय?"

सांगायची गरज नव्हती. खुर्च्यांमधले चार जण कारखान्यातूनच निवृत्त झालेले. कृष्णात चव्हाण नावाचे जुने टर्नर पुढं आले, तुकडा उलटसुलट बघितला आणि हळूच म्हणाले, "आप्पा, ही बांधनी तर आपल्या कारखान्याची." सगळ्यांच्या माना चेअरमनकडं वळल्या.

आप्पासोंनी खाकरून घसा मोकळा केला.

"मंगळवारी जरा ठिबकत हुतं. ही तानाबाय चंदगडला गेलती भाचीच्या बारशाला. मग मी आवळलं."

"तुम्ही लिहिलं होतं, कोणीही हात लावलेला नाही," श्रेयस म्हणाला.

"मग? आवळनं म्हंजे काय हात लावनं व्हय?"

आणि गंमत अशी, की आप्पासो खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी हात लावतात ते अडाणी लोक. फिटर आवळतो. आपण आवळलेला जोड फुटू शकतो हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरं कारण शोधलं आणि खुरपं सापडलं. सुतळी पाण्यानं फुगते. लोखंडाला ती मानवते, प्लॅस्टिकला आतून फाडते. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण लोखंडानं जन्मभर ऐकलं, तर प्लॅस्टिकनं का ऐकू नये, असा त्यांचा हिशेब होता.

"तरीच," अक्का म्हणाल्या. "मंगळवारी माझा नवा टॉवेल सफेद्यानं बरबटला हुता. इचारलं तर म्हनं, भिंत लागली."

आता मात्र सगळी हिरवळ हसली. तानाबाई हसली नाही.

"त्ये खोडा," ती रजिस्टरकडं बोट करून म्हणाली.

"मावशी, ठरावात खाडाखोड चालत नाही," श्रेयस म्हणाला.

"सह्या झाल्यात?"

"नाही अजून."

"मग अजून त्यो ठराव न्हाई, नुसती शाई हाय. खोडा. आन् खाली लिवा, मी सांगतो तसं."

श्रेयसनं आप्पासोंकडं पाहिलं. आप्पासो जमिनीकडं बघत होते. श्रेयसनं रेघ मारली आणि तिच्यासमोर लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, "सात नंबरचा जोड चेअरमन यांच्याकडून अनवधानाने जास्त आवळला गेल्यामुळे फुटला..."

"अनवधानानं म्हंजे?"

"म्हणजे... लक्ष नसताना. मुद्दाम केलं नाही, असं."

"त्यो शब्द माझ्या येळी लिवला हुता व्हय?"

श्रेयसचे कान लाल झाले. त्यानं तो शब्दही खोडला. मग तिनं सांगितलं तसं लिहिलं : जोड चेअरमन आप्पासो मगदूम यांनी सुतळीने आवळल्यामुळे फुटला. तानाबाई पोवार यांनी तुकडा अख्खा काढला. नळ कापावा लागला नाही. कंत्राटाचा विषय रद्द.

शेवटचं वाक्य तिनं सांगितलं नव्हतं. ते कृष्णात चव्हाणांनी सुचवलं आणि बाकीच्यांनी हात वर केले. रजिस्टर आप्पासोंच्या मांडीवर ठेवलं गेलं. त्यांनी चष्मा लावला, पूर्ण वाचलं, आणि सही केली. सही करताना अक्षर नेहमीपेक्षा लहान आलं.

तोवर तानाबाईनं पिशवीतून नवा जोड काढून त्यावर टेप गुंडाळली होती. नळाचे आटे पदरानं पुसले, जोड हातानं पिळला, वर भिंगरी चढवली. पेन परत देत आप्पासो मोठ्या मनानं म्हणाले, "बरं तानाबाय, झालं गेलं गंगेला मिळालं. उद्यापासनं ये परत कामावर."

"परत?" तानाबाई उभी राहिली. "मी गेलतो कुठं?"

तिनं हाताची माती झटकली.

"उठा आता," ती म्हणाली. "चार दिस झालं, हरळी तान्हेली हाय."

"एवढ्या उन्हाचं?" कुणीतरी विचारलं.

"तुमी सकाळची येळ मीटिंगला घेतली, मी काय करू?"

लोकांना वाटलं, बोलतेय नुसतं. कोल्हापुरात बोलणारी माणसं पुष्कळ. ती तरातरा चालत चावीपाशी गेली, तेव्हा कुठं खुर्च्या सरकायला लागल्या. तिनं वळून एकदा बघितलं आणि चावी सोडली. सातही भिंगऱ्या एकदम फिरल्या. एकच पळापळ झाली. श्रेयसनं रजिस्टर शर्टात कोंबलं आणि गाड्यांच्या शेडकडं धूम ठोकली. कृष्णात चव्हाणांनी डोक्यावर खुर्ची धरली. अक्का पायरीवर उभ्या राहून पोट धरून हसत होत्या.

आप्पासो पळाले नाहीत. ते भिजत भिजत सातव्या भिंगरीपाशी गेले, वाकले, आणि नव्या जोडाच्या बुडाशी बोट फिरवलं. बोट डोळ्यासमोर धरलं. अंगावर सगळीकडून पाणी पडत असताना त्या बोटावरचं पाणी कुठलं हे कसं कळणार? म्हणून त्यांनी धोतराच्या सोग्यानं जोड कोरडा केला, वर हाताचा आडोसा धरला आणि तसेच वाकून बघत राहिले.

"ठिबकतंय काय?" तानाबाईनं चावीपासून विचारलं.

त्यांनी पुन्हा एकदा जोडाभोवती बोट फिरवलं. अजून थोडा वेळ बघितलं. चौतीस वर्षांचा फिटर होता, न बघता बोलला नसता.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई ठिबकत."

"मग सरका," तानाबाई म्हणाली. "पानी अडतंय."